चार झाडं, पिवळी पानं आणि विस्टिन

ती. मार्यानताईस,

धाकट्या नेनूचा नमस्कार. तुझी दाढ आता कशी आहे? मठातल्या सगळ्या भगिनी खुशाल असतील, आणि तुझी पत्रं मदर अजूनही आधी स्वतः वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार. (मदर, गांजाची झाडं माल्टाच्या कायद्यात बसतात. घरटी चार, फक्त रस्त्यावरून दिसता कामा नयेत. आमची दिसत नाहीत.)

गेल्या आठवड्याच्या कार्डात घाईघाईत एवढंच लिहिलं होतं, की शेजारच्या विस्टिनला धडा मिळावा म्हणून नऊ दिवस प्रार्थना कर. आता कारण सांगतो. तुझ्या भावजयीचे, फिलुमेनाचे गुडघे तुला माहीतच आहेत. गेल्या वर्षी आमच्या झाडांचं तेल चोळलं तेव्हा कुठे बिचारी गच्चीवर कपडे वाळत घालायला चढू लागली. यंदा चारही झाडांची पानं पिवळी पडली. मी खत घातलं. आणखी पिवळी. दुप्पट घातलं, तर टोकं करपली. आणि नेमकी तेव्हाच विस्टिनने भिंतीवरून मान काढली. (जो माणूस चाळीस वर्षं गावातल्या विरोधी बँड मंडळात तुतारी फुंकतो, तो आमच्या अंगणात उगाच डोकावत नसतो.) म्हणाला, "नेनू, खत पुरे कर. भूक असती तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. तुझी वरची कोवळी पडलीत, आणि शिरा हिरव्या. मातीत लोह आहे, पण झाडाला घेता येत नाहीये. पाण्यात चुना आहे का बघ."

आता तूच सांग, रोग इतका बिनचूक कोणाला ठाऊक असतो? ज्याने लावला त्याला. मी भिंतीवर काचा बसवल्या, आमच्या मंडळात चारचौघांत त्याचं नाव घेतलं (जत्रा पंधरा दिवसांवर, म्हणजे गावभर झालंच), आणि कुंड्यांत गंजके खिळे खुपसले, कारण आई लिंबाला तेच करायची. आठवड्याभरात नवी पानं हिरवीगार आली. खिळ्यांचा गुण, असं मी मंडळात सांगून आलो.

तुझा,
नेनू

ता. क. जत्रेसाठी मार्चमध्ये गच्चीला चुना मीच फासला होता. कुंड्यांना ज्या टाकीतलं पाणी घालतो, तिच्याकडे जाणाऱ्या नळीला बोळा घालायचा राहिला, आणि शेवटचा पाऊस तो चुना घेऊन टाकीत उतरला. हे फिलुमेनाने आज सांगितलं. तिला कधीपासून ठाऊक होतं, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

ता. क. २ खिळ्यांचा काही संबंध नाही. मी मंडळात बसलेलो असताना विस्टिन रोज त्याच्या टाकीतल्या पाण्याचे दोन डबे कुंड्यांसाठी फिलुमेनाला आणून देत होता. मागच्या दाराने, कारण भिंतीवर काचा.

ता. क. ३ काल त्या डब्यांसकट तो आमच्याच पायरीवर घसरला. गुडघा टम्म सुजलाय. ताई, प्रार्थना ताबडतोब थांबव, नववा दिवस उजाडू देऊ नकोस. मला फार लाज वाटते आहे. माफी मागायला जाणारच आहे, पण आधी तुझ्या दोन ओळी त्याला पोचल्या तर बरं, तुझं तो ऐकतो.

ता. क. ४ मदर, तेल आता दोघांच्या गुडघ्यांना पुरवायचं आहे. तुमचं अंगण मोठं, भिंत उंच, टाकी स्वच्छ. कायद्याने मठ हे एक घरच धरतात ना?