पियानोला शून्य

३ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आई गेली, पियानो कुणाचा यावरून आपलं वाजलं आणि तू तरातरा निघून गेलीस ती गेलीसच. आता आईचं घर रिकामं करायला महिनाच उरलाय. माझी लेक तंटे मिटवणाऱ्या ऑफिसात आहे, तुला ठाऊकच आहे. तिथे कॉम्प्युटर वाटणी सुचवतो. आईच्या एकेका वस्तूला आपण गुण द्यायचे. जी जास्त हवी, तिला जास्त. एकीचे गुण दुसरीला दिसत नाहीत. लेक म्हणते, मावशीला सांग, कॉम्प्युटरवर रुसता येत नाही. भरशील ना गं? गुडघा शेकतेस की नाही?

अजूनही तुझीच,
ताई

१४ जून

ती. ताईस सा. न.

तुझ्या लेकीचा कॉम्प्युटर बिघडलाय. कपाट तुला, शिवणाचं मशीन मला, इथवर ठीक. पण पियानोपुढे म्हणतो, दोघींनाही नको, विकून टाकावा! मी शून्य दिलं हे खरं. तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, जळो तो पियानो, ताई बोलली तेवढं पुरे. नेऊ दे तिला. पण तू? भांडताना तर त्याला मिठी मारून उभी होतीस. भाचीला फोन केला, तर ती हसतच सुटली. म्हणाली, दोघी देतच सुटलात तर त्या बिचाऱ्यानं काय करायचं? आता कशासाठी हवा, तेही लिहा. मी लिहिलं, वाजवल्याशिवाय मला करमत नाही. तूही खरं लिही.

रागावलेली, पण फार नाही,
ठमी

२२ जून

चि. ठमीस आशीर्वाद आणि एक धपाटा.

हो बाई, मीही शून्यच दिलं, तुझा राग जावा म्हणून. माझी बोटं आता आखडलीत, एक सूर धड निघत नाही. मग एवढी का भांडले? तेच लिहिलं: सिस्टरांनी शाळेत शिकवलेली ती धून ठमी वाजवायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी पुसत ऐकायची. पियानो तिच्या गावी गेला, की तेही गेलं.

कॉम्प्युटरनं नवी वाटणी सुचवली आहे: पियानो धाकटीकडे, आणि दर महिन्याला आठवडाभर थोरलीही धाकटीकडे. मी मान्य केलंय. लेक सांगते, मावशीचं उत्तर अजून यायचंय. दे बाई लवकर, मी बॅग भरून बसलेय.

लोभ आहेच, वाढवायला प्रत्यक्ष येते.

तुझी,
ताई