मीठ चांगले होते

ता. ९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी काय केले, ते तुला सांगायचे आहे. फोनवर मला ते बोलता येणार नाही. तुझ्या आईलाही पुरते सांगितलेले नाही.

तुझी अक्का आत्या मुलाकडे राहायला गेली तेव्हा तिने आपली अठरा वर्षांची खाऱ्या पाण्याची टाकी मोडली. तिच्यातले सहा दगड आणि मुकादम तिने माझ्या स्वाधीन केले, हे तुला ठाऊक आहे. मुकादम म्हणजे तो नारिंगी मासा. टाकीत दिवसभर फेऱ्या मारून सगळ्यांवर देखरेख करतो म्हणून तूच त्याला हे नाव दिले होतेस. दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीत घातले होते, मासा दुसऱ्या बादलीत जुन्या पाण्यात होता. ते धुवायचे नाहीत आणि वाळू द्यायचे नाहीत, असे अक्काने दोनदा बजावले. मी मान डोलावली.

रविवारी आंघोळ आणि प्रार्थना उरकून मी बादली उघडली. कुबट वास आला. दगडांवर जांभळे डाग होते, शेवाळ होते, आणि एका भोकातून केसाएवढा किडा डोकावून पुन्हा आत गेला. तेवीस वर्षे मी इस्पितळात ऑपरेशनची हत्यारे वाफवून जंतू मारतो आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या चिमट्यावर जिवंत काही उरत नाही, एवढाच माझा आयुष्यातला अभिमान. त्या दिवशी हातांनी मला विचारलेही नाही. मी दगड ब्रशने घासले आणि मोठ्या पातेल्यात वीस मिनिटे उकळले. नव्या कपबश्यांसारखे पांढरे निघाले. त्यांच्याकडे बघत मी समाधानाने चहा प्यालो.

मग ते दगड नव्या टाकीत मांडले आणि अक्काच्या नेहमीच्या दुकानातून आणलेले मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून ओतले. खारेपणा मोजायचा तरंगता काटा बरोबर हिरव्या पट्टीत आला. हीटर लावला, पंप लावला आणि दुसऱ्या दिवशी मुकादमला आत सोडले. चौथ्या दिवसापासून तो पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. नवव्या दिवशी गेला. अकरा वर्षांचा होता.

दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि माशाने केलेली घाण तेच पचवतात, हे मी पुस्तकात वाचले, पण मुकादम गेल्यावर. पुस्तक अक्कानेच दिले होते.

अक्काला कळवताना मी दगडांचे लिहिले नाही. मीठ खराब निघाले असावे, एवढी एक ओळ लिहिली. लिहिल्यावर मला फार हलके वाटले. ते हलके वाटणे आठवले की आता मी भरल्या पानावरून उठतो.

अक्काने दुकानदाराला खरमरीत पत्र धाडले. ते बिचारे आमच्या घरी आले. अठरा वर्षे ते अक्काला मीठ देत होते, आणि हे दगडही मुळात त्यांनीच तिला दिलेले. त्यांनी आपल्या यंत्राने पाण्याचा खारेपणा तपासला, तो ठीक होता. मग दगडांकडे बराच वेळ पाहत राहिले. हे असेच पांढरे होते का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी मिठाचे फोडलेले पाकीट उचलून नेले आणि जाताना नवे ठेवून गेले.

मी रोज प्रार्थनेला बसतो, पण डोळे मिटले की ते पांढरे दगड समोर येतात. तू आता लहान नाहीस म्हणून लिहिले. प्रकृतीला जप. आणि हे वाचल्यावरही बापावरची माया जमेल तेवढी शिल्लक ठेव.

तुझा,
बाबा


ता. १४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वसतिगृहाच्या जिन्यात बसून दोनदा वाचले. आधी हसले, त्याबद्दल क्षमा करा. माझी रबराची बाहुली गटारात पडली होती तेव्हा तुम्ही तीही उकळली होती, आठवते का? तिचे नाकडोळे गेले. ती मामाकडे राहायला गेली असे तुम्ही मला सांगितले आणि मी दोन वर्षे मामाच्या घरी गेले की तिला कपाटात शोधत होते. आपल्या घरात जे उकळते ते मामाकडे जाते, असे आई अजून म्हणते.

पण तेव्हा मी पाच वर्षांची होते म्हणून फसले. दुकानवाले काका फसलेले नाहीत, बाबा. त्यांना फक्त तुम्हाला तुमच्याच घरात लाजवायचे नव्हते.

गणित चुकले की तुम्ही मला खोडरबर वापरू द्यायचा नाहीत. चूक दिसली पाहिजे, तिच्यावर आडवी रेघ मारून खाली बरोबर लिही, असे म्हणायचात. मला त्याचा केवढा राग यायचा. आता तुमची पाळी आहे. मला सांगून तुम्हाला बरे वाटले असेल, पण मला काही मीठ विकायचे नाही.

रागावला असाल तर पुढच्या पत्रात रागवा, पण पत्र लिहा. माझी माया आहे तिथेच आहे, तिला उकळायला जाऊ नका.

तुमची,
खारूताई


ता. १८ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझे पत्र नाही, म्हणजे तू अजून मुकादमचे मनाला लावून घेतले आहेस. उगाच झुरू नकोस. इकडे माझे बरे चालले आहे. सूनबाई मला काही करू देत नाही आणि मी तिचे ऐकत नाही, त्यामुळे दोघींचा वेळ छान जातो. खिडकीपाशी माझी टाकी ठेवायला जागा होती, असे रोज वाटते.

त्या मिठवाल्याचे नावही काढू नकोस. आमच्या टाकीवाल्या सगळ्या मंडळींना मी पत्राने कळवले. दातांचे डॉक्टर आणि शाळेतल्या निवृत्त बाई, दोघांनीही त्याच्याकडून मीठ घेणे थांबवले. बाकीचेही थांबवतील. त्याने मला उलट एक ओळ लिहिली नाही, यातच काय ते आले. अठरा वर्षे त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, याचेच वाईट वाटते.

डॉक्टरांनी भीत भीत विचारले की भावाच्या हातून काही राहिले असेल का. मी त्यांना फैलावर घेतले. माझा भाऊ पाटीसुद्धा तीन वेळा पुसून मग अक्षर काढायचा, त्याच्या हातून हयगय होणे नाही, असे मी छातीठोक सांगितले.

मासा गेला तर गेला. दगड मात्र जप. माझी अठरा वर्षे त्यांच्यातच आहेत रे. जांभळा रंग आता कुठवर पसरला, ते कळव. डबा वेळेवर खात जा, आणि म्हाताऱ्या बहिणीला आठवड्याला चार ओळी तरी देत जा.

तुझी,
अक्का


ता. २६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जांभळा रंग कुठेच नाही. दगड मी उकळले.

तू बजावले होतेस, तरी उकळले. घाण दिसली म्हणून. मुकादम त्यानेच गेला. मीठ चांगले होते, आणि हे मला तुला पहिले पत्र लिहितानाही माहीत होते. तू डॉक्टरांना माझ्याबद्दल जे सांगितलेस ते वाचून मी पत्र दुमडून टेबलावर ठेवले आणि दोन दिवस तिकडे गेलो नाही. गावच्या शाळेत नखे स्वच्छ म्हणून गुरुजी मला पुढे उभे करायचे. तेव्हापासून स्वच्छ म्हणजे चांगला, असे मी धरून चाललो.

रविवारी सकाळी टाकीवाली मंडळी दुकानात जमतात, म्हणून मुद्दाम त्याच वेळी गेलो. आधी समोरच्या फुटपाथवर तीन फेऱ्या झाल्या. आत डॉक्टर होते, मिठाकडे न बघता हीटरची वायर निवडत होते. निवृत्त बाई नव्हत्या, त्यांच्या घरी जाऊन नंतर सांगितले. दुकानात मात्र सगळ्यांदेखत बोललो की माझ्या बहिणीचे दगड मी उकळून मारले आणि आळ यांच्या मिठावर घातला. अर्धे शब्द दोनदा म्हणावे लागले. डॉक्टरांनी वायर खाली ठेवली. कोणी हसले असते तर बरे झाले असते.

दुकानदारांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की उकळताना ती वाफ मी हुंगली का, खोकला वगैरे झाला का. असल्या दगडांची वाफ कधीकधी विषारी असते, पुन्हा असे करू नका, म्हणाले. मग मीच विचारले की तुम्हाला त्या दिवशी कळले होते, तर अक्काला का नाही लिहिले. त्यावर ते म्हणाले की भावाबहिणीच्या दुधात मी मिठाचा खडा कशाला टाकू. आपल्या विनोदाचे त्यांना थोडे हसू आले. मला आले नाही.

तू दिलेल्या दगडांचे भाऊबंद त्यांच्या टाकीत अजून आहेत. त्यातला मुठीएवढा तुकडा ते द्यायला तयार होते. तो पांढऱ्यांशेजारी ठेवला तर वर्षादीडवर्षाने त्यांनाही रंग चढेल, म्हणाले. मी घेतला नाही. तो मी घ्यायचा की नाही, हे तू सांगायचेस.

टाकी चालू आहे. आत नुसते पाणी फिरते. तू डोळे मिटून विश्वास टाकलास तो योग्य माणसावर होता, फक्त तो माणूस मी नव्हतो. ज्यांना ज्यांना तू कळवलेस त्यांना आता खरे कळव, माझे नाव घालून. लोभ ठेव असे लिहायची माझी योग्यता नाही. राग ठेवलास तरी तो पत्राने धाडत जा.

तुझा,
भाऊ


ता. २७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

घाईत कार्ड लिहितो. दुकानात जाऊन आलो, सगळ्यांसमोर बोललो. कसे झाले ते भेटीत सांगेन.

अक्काचे पत्र काल लिहून ठेवले होते, ते आज कामावर जाताना टपालपेटीत टाकले. पाकीट आत पडल्यावर मी फटीत बोटे घालून पाहिली, निघते का म्हणून. निघत नाही.

तुझा,
बाबा