तोंड बघून भाव

अब्देलहक,

हरीरा सूप शेगडीवर आहे, गरम करून घे.

आपल्या बाबूश चपलांच्या वेबसाइटवर मी टाकलेल्या किमती काल तू परत पुसल्यास. म्हणे, "गिऱ्हाइकाचं तोंड बघितल्याशिवाय भाव सांगायचा नसतो!" अरे, दुकानात पुदिन्याचा चहा पाजून घासाघीस जमते, फोनवर कुणाचं तोंड बघणार आहेस? लोक किंमत शोधतात, सापडली नाही की निघून जातात. वर मलाच ऐकवलंस, "तुझी वेबसाइट कुचकामी."

वर्षभर राबले. पगाराचं विचारलं की तुझं आपलं "बघू, ताई."

आजपासून मी पलीकडच्या गल्लीतल्या चपलांच्या दुकानात त्यांची वेबसाइट सांभाळायला जातेय. त्यांनी पगाराचा आकडा फोनवरच सांगितला, माझं तोंडही न बघता.

इतिमाद