मनालीच्या चढाया

बुलढाणा

वंदनाताई, तुले अन् घरच्या सगळ्यांले जयभीम.

काल आमच्या कबड्डी शिबिराचे कोच सर सगळ्या खेळाडू पोरींसमोर म्हणाले, "काऊन बे संघपाल, मनालीवर जीव जडला म्हणून तिचे पॉइंट फुगवले काय?" अन् तिचं नाव संघाच्या निवडीतून काढलं. त्या घडीपासून मी पहिल्यासारखा राह्यलो नाही.

जडला जीव, हाव! पण इथं माझं कामच ते, कबड्डीचे आकडे मी कॉम्प्युटरात खरेच भरतो. प्रत्येक पॉइंटले व्हिडिओ जोडलेला आहे. आकडा दाबला की चढाई दिसते.

आईले सांग, मेसचं जेवण बरं आहे. मी कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून रागातच आहेत काय? मनालीही कालपासून माझ्याकडं पाहत नाही.

निवड समिती आत्ता मैदानावर आहे. काम गेलं तरी चालेल, तिची एकेक चढाई त्यांच्यासमोर लावतो. लॅपटॉप काखेत घेतला. आता दार धाडकन लावतो अन् निघतो.

तुझाच,
संघपाल