सहा शीट आणि एक ठिपका

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. मोठे आर्टिस्ट लिहितातच. शनिवारी माधुरी मॅडमनी वर्गात सांगितलं, अंधेरीचा एक डिझाइन स्टुडिओ आमच्या कॉलेजातून एकच इंटर्न घेणार. ऑनलाइन पोर्टफोलिओची लिंक १५ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत. इंटर्नशिपचं पत्र नसेल तर यंदा फायनलला बसू देणार नाहीत. बाकीची पोरं जानेवारीतच कुठे कुठे चिकटली. मी मुद्दाम थांबलो होतो. आता उरलोय मी आणि घाटकोपरची शीतल. तिला पहिल्यापासून हाच स्टुडिओ हवाय. बिचारी.

प्लॅन: वेबसाइट दोन दिवसांत. मग रोज एक नवं चित्र. आरामात.

४ मार्च, मंगळवार

फॉन्ट बघितले. दिवसभर.

६ मार्च, गुरुवार. दुपारी ३

फॉन्ट ठरला. लोगो ठरला (माझ्या नावातला ‘सि’, पण नीट वाचता येणार नाही असा). शेजारच्या आकाशकडून फोटो काढून घेतला, ब्रश कानावर, नजर विक्रोळीच्या खाडीकडे. ‘माझ्याविषयी’ पान लिहिलं. साडेतीनशे शब्द. त्यात ‘अवकाश’ सात वेळा आला, दोन काढले. झकास झालंय.

आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मेल्या, चित्रां कधी काढतलंस?" तिला वेबसाइटमधलं कळत नाही.

८ मार्च, शनिवार

माळ्यावरून जुनी कामं काढली. तीन वर्षांत बरीच केली असणार, पण सापडल्या सहाच शीट. सहाही फर्स्ट क्लास. बसस्टॉपवरच्या बायका, मासळीबाजार, मिठाच्या पाकिटाचं डिझाइन वगैरे. बघून मलाच भरून आलं.

आता खरं सांगायचं तर सबमिशनच्या आदल्या दिवशी आमच्या वर्गात सगळेच एकमेकांच्या शीटला हात लावतात. ती पद्धतच आहे. माझ्या शीटला शीतल हात लावायची. पण फक्त फिनिशिंग. म्हणजे रेघा, रंग आणि अक्षरं. कल्पना माझीच.

संध्याकाळी तिचाच फोन. कुठली कामं टाकतोयस, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, सगळी नवीन. हे खोटं नाही. नवीन काढणारच आहे.

१० मार्च, सोमवार

नवीन चित्र क्रमांक एक. खाडीकाठी जाऊन बसलो. समोर खारफुटी. सगळीकडे एकच हिरवा. डास प्रचंड. क्षितिजाची रेघ काढली आणि घरी आलो. रेघ चांगली आलीये.

११ मार्च, मंगळवार

कालच्या रेघेवर विचार केला. चहा सांडला.

सहा शीट स्कॅन करून ठेवल्या, नुसत्या सेफ्टीसाठी. खंडूच्या झेरॉक्सच्या दुकानात. वैताग म्हणजे सहाही शीटवर उजव्या कोपऱ्यात खाली एक काळा ठिपका. खंडूला झापलं, काच पूस जरा. त्याने तीनदा पुसली. ठिपका तिथेच. जाऊ दे, अँटिक वाटतं.

१२ मार्च, बुधवार

आज खरं काम झालं. आकाशने झूम टाकायला शिकवलं. आता कुठल्याही चित्रावर बोट ठेवलं की आठ पट मोठं होतं. वर मोठ्या अक्षरात ओळ टाकली: ‘जवळून बघा.’ अशी सोय वर्गात कोणाकडेच नाही.

चित्रं टाकायची बाकी.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. आज रंगकाम करणं बरं दिसत नाही.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५.५०

दहा मिनिटं उरलीयेत. नवीन चित्रं शून्य. वाट लागली. सहा शीट टाकल्या. एकदा वाटलं, शीतलला फोन करावा. पण ती नको म्हणाली असती, मग काय टाकणार? लिंक पाठवली. तिच्याकडे स्वतःची कामं ढीगभर आहेत.

१८ मार्च, मंगळवार

नऊ व्ह्यूज! कॉलेजमधून मेसेज, गुरुवारी स्टुडिओत या. शीतललाही बोलावलंय. तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून असेल.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७

लिहवत नाहीये.

स्टुडिओच्या श्वेता मॅडमनी भिंतीवरच्या मोठ्या टचस्क्रीनवर दोघांचे पोर्टफोलिओ शेजारी शेजारी लावले. आधी शीतलचा. सगळी तिची स्वतःच्या नावाची कामं. प्रत्येकात खाली कोपऱ्यात एक इवलीशी मुंगी, तोंडात काहीतरी धरून चाललेली. ही तिची सही आहे म्हणे. तीन वर्षं तिच्या शेजारी बसलो, मला माहीत नव्हतं.

मग माझा. मॅडम म्हणाल्या, झूमची सोय छान आहे. आणि माझ्या मासळीबाजारावर, कोपऱ्यात, बोट ठेवलं.

मुंगी. तोंडात खवलं.

बसस्टॉपवर मुंगी, तोंडात तिकिटाचा तुकडा. मिठाच्या पाकिटावर मुंगी. सहाच्या सहा.

मॅडमनी मला विचारलं, ही काय घेऊन चाललीये? मी शीतलकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "सांग ना. तुझी शीट आहे."

मी म्हणालो, "स्कॅनरचा कचरा असेल, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, कोणाचं काम कोणी केलंय ते लेखी कळल्याशिवाय दोघांपैकी कोणालाच घेता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत. बाहेर शीतल एवढंच म्हणाली की मी तुला तीन वर्षं पास केलं रे. आणि बसमध्ये चढली.

२१ मार्च, शुक्रवार

मेलचे मसुदे. पहिला: ‘संयुक्त प्रकल्प’. दुसरा: ‘कल्पना माझी, अंमलबजावणी शीतल यांची’. तिसऱ्यात खंडूला मध्ये आणला, तो पुसून टाकला.

मिठाच्या पाकिटाची माझी कल्पना काय होती ते आठवायचा प्रयत्न केला. ‘काहीतरी निळं कर’ असं म्हणालो होतो.

५.४० ला पाठवलं: ‘सहाही शीट शीतलच्या आहेत. मुंग्याही.’

हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. लाज वाटतेय.

२४ मार्च, सोमवार

शीतलला घेतलं. माधुरी मॅडम मला म्हणाल्या, यंदा फायनल विसर. पुढच्या वर्षी स्वतःची सहा कामं घेऊन ये. वेबसाइटवर आता फॉन्ट, लोगो, माझा फोटो आणि ‘जवळून बघा’ एवढंच आहे. शीतलला सॉरी लिहिलं. दोन निळ्या टिक आल्या.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी ११

सुरुवात लहान करायची. एक मुंगी, बस. सकाळपासून चौदा काढल्या. पाय कधी आठ होतात, कधी पाच. आईने विचारलं, ह्यो कोळी काय रे? शीतलला फोन लावला. उचलला नाही.

पंधरावी त्यातल्या त्यात बरी आहे. फक्त फिनिशिंग राहिलंय.