फोनमधला अक्कांचा आवाज

नाना, तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुमच्या धुळ्याच्या दुकानात शिकलेलं काम मी जळगावात अजून करते. दवाखाने, शाळा, केळीची पॅकिंग हाउस, जिथे एका नंबरवर दहा टेबलं जोडायची असतात तिथे फोन बसवून देते. एक पेच पडलाय आणि तो कुणाला विचारावा कळत नाही.

तुम्ही एक दिवस जुना कॉम्प्युटर दुकानात आणून ठेवलात आणि म्हणालात, पूर्वी जी एक्स्चेंज खोलीभर असायची ती यात मावते. सॉफ्टवेअर फुकट, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून बघावं, बदलावं. मला ते पटायला वेळ लागला. पाचोऱ्याच्या शाळेत फोन बसवले तेव्हा मी पासवर्ड असा टाकला की आपल्याशिवाय कुणाला आत शिरता येऊ नये. वाटलं, तुम्ही खूश व्हाल. दुसऱ्या दिवशी मला एकटीला एसटीत बसवून पुन्हा पाचोऱ्याला पाठवलंत, पासवर्ड हेडमास्तरांना लिहून द्यायला. निघताना एवढंच म्हणालात, "गिऱ्हाईक कामासाठी यावं. अडकलं म्हणून येऊ नये."

ते सॉफ्टवेअर इंग्रजीत बोलायचं, म्हणून मराठी आवाज भरायचा ठरला. सोनगीरला तुमच्या आणि अक्कांच्या घराचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तिथे हायवेवरच्या ट्रकचा आवाज कमी. दारा-खिडक्यांना गोधड्या लावल्यात, अक्का विझवलेल्या चुलीपुढे पाटावर बसल्यात, मी माइक धरलाय आणि तुम्ही कागद. "कृपया थांबा, आपला फोन जोडत आहोत," असं लिहिलेलं. अक्का दोनदा नीट वाचतात, तिसऱ्यांदा सवयीनं अहिराणीत म्हणून जातात, "थांबा भाऊ, फोन लाई देस." माझं हसू थांबत नाही, पुन्हा पहिल्यापासून. दोन दुपारी गेल्या. मग ते सगळे आवाज तुम्ही सॉफ्टवेअरवाल्यांकडे पाठवलेत, सगळ्यांनी वापरावेत म्हणून. अक्कांनी विचारलं, माझं नाव लिहिलंय का? नाव तुमचंच पडलं होतं.

आता काय झालंय ते सांगते. ते सॉफ्टवेअर सांभाळणारी संस्था एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. सुरुवातीला काहीच बदललं नाही, उलट बिघाड लवकर दुरुस्त होऊ लागले. मग एकेक सोय पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव होत गेली. शेवटी वेगवेगळ्या भाषांचे आवाजही तिकडे गेले. तेव्हा जुन्या लोकांतले पाच-सहा जण चिडून बाहेर पडले. शेवटची खुली प्रत घेऊन त्यांनी नव्या नावानं वेगळी चूल मांडली. माझ्या स्क्रीनवर दोन्ही शेजारी उघडून ठेवली की कुठली कुणाची, मलाच कळत नाही.

रावेरच्या पॅकिंग हाउसमध्ये ट्रकवाले फोन करतात तेव्हा अजून अक्काच त्यांना थांबायला सांगतात. मॅनेजर विचारतात, यातलं कुठलं ठेवायचं? त्यातच नव्या गटाचं पत्र आलं. त्यात लिहिलंय, कंपनी हे आवाज स्वतःच्या मालकीचे म्हणते. ज्यांचा आवाज आहे त्यांनी लेखी परवानगी दिली तर आम्ही ते आमच्यात ठेवू, नाहीतर काढून टाकू.

म्हणून मागच्या रविवारी सोनगीरला गेले. अक्कांना आता कमी ऐकू येतं. सगळं मोठ्यानं दोनदा सांगितलं. त्यांनी विचारलं, यातले लबाड कोण? मी म्हणाले, तसं कुणीच नाही. कंपनीकडे पगारी माणसं आहेत, काम चोख होतं. हे दुसरे नोकरी सांभाळून करतात, उद्या दमले तर सगळंच बंद पडेल. अक्का म्हणाल्या, "आवाज मना शे. बठ्ठासले दे." आणि सगळ्यांसाठी म्हणून कागदावर सावकाश सही केली.

तो कागद माझ्याकडेच आहे, पाठवलेला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांकडचं तुमचं खातं तुमच्यामागे मीच चालू ठेवलंय, तुमच्याच नावानं. कंपनी आली तेव्हा त्यावर एक करारपत्र उघडलं होतं: या नावानं दिलेलं सगळं आमच्या स्वाधीन, मान्य असेल तर पुढे जा. त्या सकाळी रावेरचे फोन बंद होते, केळी भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. दुरुस्तीसाठी आत शिरायचं म्हणून मी न वाचता मान्य केलं. म्हणजे कंपनी खोटं बोलत नाहीये. पण नाव तुमचं, आवाज अक्कांचा, मग मी मान्य केलेलं कुणाला लागू? आणि अक्कांची आजची सही मोठी की माझं तेव्हाचं बटण? तुम्ही असतात तर मला एसटीत बसवून कुठे पाठवलं असतंत, हेही सुचत नाही.

हे खरं तर अक्कांना सांगायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं, म्हणून लिहून फायलीत ठेवते. सही करण्याआधी त्यांनी चष्मा पुसत विचारलं होतं, यापूर्वी कुणाला काही लिहून दिलंय का. मी नाही म्हणाले, नाना.