डबा यादीत धरायचा की नाही

थेरगाव,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. शाळेत शिकवलेलं 'पत्र लिहिण्यास कारण की' मी गाळते आहे, कारण ते कारण सांगायलाच मला तीन-चार पानं लागणार आहेत. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, हे मला दिसतं, पण उत्तर येत नाही. माझी सुट्टी गुरुवारी, तुझी रविवारी. खरं सांगायचं तर एका दिवशी आली असती तरी तू या घरी आला नसतास. म्हणून हाताने लिहिते आहे. आई रविवारी तळवड्याला तुझ्याकडे येईल तेव्हा तिच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली हे पत्र असेल. तिने वाचलेलं नाही.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण डांगे चौकातल्या बाजारात स्वतःच जाते आणि भाजीवाल्याशी भांडून येते, म्हणजे तब्येत ठीकच म्हणायची. तुझ्या खोलीत आता शिलाई मशीन ठेवलंय. रागावू नकोस, तिनेच ठेवलं.

कंपनीतलं सांगते. ऐकायचं नसेल तर हा परिच्छेद सोड, पण पुढचे सोडू नकोस.

आपण ज्यांच्यासाठी प्रेसवर पत्र्याचे ब्रॅकेट दाबून देतो त्या गाडीवाल्या मोठ्या कंपनीकडून सप्टेंबरात एक फॉर्म आला. आपल्या चाकणच्या कारखान्यातल्या प्रत्येक उपकरणासमोर लिहायचं: ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं का? होय किंवा नाही. एवढंच. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. एक सर्व्हर लिनक्सवर, म्हणजे कुणालाही उघडून बदलता येणाऱ्या सिस्टिमवर आहे, त्याला होय, बाकी सगळ्यांना नाही, आणि चहाला मोकळी.

मग डोक्यात किडा वळवळला. हजेरीच्या मशीनच्या पोटात काय आहे? लिनक्स. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये? लिनक्स. वायफायच्या डब्यात? तेच. कॅन्टीनचा टीव्ही अँड्रॉइडवर चालतो आणि स्टोअरचे स्कॅनरही. त्यांचं मूळ ओपन सोर्स, वरचा साज कंपनीचा. मग ते धरायचे का? मी त्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, अंदर लिनक्स है तो यस लिख दो ना." मी लिहीत गेले. अडतीस होय झाले. मॅनेजरच्या खुर्चीत बसून ढमालेसरांनी यादी बघितली आणि कपाळाला हात लावला. "टीव्ही पण? मग मिक्सर न्हाई का लिवला?" पाच दिवसांनी त्याच कंपनीतल्या एक बाई मेल करतात की इतके कसे, तुमच्याकडे काही गडबड आहे का? मी विचारलं, तुमची व्याख्या काय? त्यांनी मला माझाच प्रश्न परत पाठवला, शेवटी 'प्लीज कन्फर्म' असं लिहून. दादा, दोन आठवडे मी एकाच प्रश्नावर तीन माणसांची चार उत्तरं ऐकली. घरी येऊन आईवर ओरडले. जेवणातलं मीठ बरोबर होतं, तरी ओरडले.

शेवटी ठरलं ते असं: ज्या उपकरणाची सिस्टिम आपल्या कारखान्यातला माणूस स्वतः उघडून बदलू शकतो, तेच धरायचं. त्या बाईंनी 'ओके' लिहून पाठवलं. मग मी पुन्हा पहिल्या ओळीपासून बसले. हजेरीचं मशीन सील केलेलं, नाही. रेकॉर्डर उघडला तर वॉरंटी जाते, नाही. टीव्ही, स्कॅनर, वायफाय, नाही. सर्व्हरसुद्धा नाही, कारण त्याचा पासवर्ड बाहेरच्या एजन्सीकडे आहे, आपल्याला हातही लावू देत नाहीत. साठ वेळा 'नाही' लिहिलं.

आणि एकदा होय. त्रेचाळिसावी ओळ. तुझा डबा.

वर्णनाच्या रकान्यात मी लिहिलं: 'चार नंबर प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा सेन्सर आहे. हात आत गेला की तो प्रेस थांबवतो. हा सेन्सर किल्लीने बंद केला, तर वर लाल दिवा लावणारा आणि प्रत्येक वेळची नोंद ठेवणारा छोटा कंप्युटर.' बसवणारी व्यक्ती: सुजित रणदिवे. लिहिताना मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात एकच वस्तू खऱ्या अर्थाने आपली, आणि ती माझ्या भावाने स्वतःच्या हाताने केलेली. तुझं नाव कंपनीच्या कागदावर यावं असं मला फार वाटत होतं. का वाटत होतं ते तुला कळेल. त्या मीटिंगबद्दल मी आजवर तुझ्याशी बोलले नाही.

आज बोलते. गेल्या डिसेंबरात मीटिंगमध्ये ढमालेसर म्हणाले, लाल दिवा लागला की पाहुण्यांसमोर शोभा होते, डबा काढा. तू म्हणालास, किल्ली फिरवू नका, म्हणजे दिवा लागणारच नाही. तू माझ्याकडे वळलास. "विजू, मी वाचून दाखवतो त्या नोंदी तूच उतरवतेस. सांग, आठवड्यात किती वेळा किल्ली फिरते?" मी म्हणाले, "नक्की आठवत नाही."

अठरा वेळा. मला तेव्हाही आठवत होतं. प्रत्येक वेळी उत्पादन वाढवायला सुपरवायझरने किल्ली फिरवलेली. तू राजीनामा दिलास आणि महिनाभरात तुझी जागा मला मिळाली. तुला वाटतं मी जागेसाठी गप्प बसले. तसं नव्हतं, मी घाबरले होते. पण जागा घेतली हे खरं आहे, आणि घेताना मला आनंदही झाला होता. आता हे लिहिलं एकदाचं.

हात दुखायला लागला. उरलेलं उद्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळ

काल लिहिलं नाही. लिहायला बसले आणि उठून तांदूळ निवडले. पॅकेटचे तांदूळ, निवडायचं काय असतं त्यात?

तू गेल्यावरही डबा जागेवर राहिला होता. काढला तर प्रेसवरच्या बायका काम बंद करतील, ही ढमालेसरांना भीती. ऑक्टोबरात त्या मोठ्या कंपनीचा मेल आला: ज्या ओपन सोर्स उपकरणाला बाहेरच्या कंपनीचा देखभालीचा करार नाही, ते पंधरा दिवसांत बंद करा. साठ 'नाही' सुटले. एकच 'होय' अडकला. मी तुझं नाव मिरवायला लिहिलं नसतं, तर तो डबा कुणाच्या डोळ्यात आला नसता.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी मी स्वतः त्याची वायर काढली. लाल चिठ्ठी लावून नकोशा सामानाच्या रॅकवर ठेवला. ढमालेसर म्हणाले, "दिवा ऱ्हाऊ द्या वर. उगा बायकांत चर्चा नको." मी दिवा राहू दिला. डब्याशिवाय तो कधीच लागणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि मी कुणालाही सांगितलं नाही. प्रेसवर एक कागद चिकटवायचा होता, दोन ओळींचा. उद्या चिकटवू, असं दहा दिवस म्हणत राहिले.

सोमवारी, तीन नोव्हेंबरला, दुपारी साडेचारला, सेन्सर किल्लीने बंद असताना, तानुबाईंचा उजवा हात चार नंबरमध्ये गेला. तानुबाई आठवतात ना? परभणीच्या, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहतात, कंपनीच्या बसमध्ये नेहमी पुढच्या सीटवर. दोन बोटं गेली. तिसरं राहील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मी दवाखान्यात गेले. बाई मलाच धीर देत होत्या. म्हणाल्या, "ताई, मी रोज आधी वर बघती. लाल दिवा असला की फडक्यानं माल काढती, हात न्हाई घालत. त्या दिवशी दिवा न्हवता. मला वाटलं, सेन्सर चालू हाय." मग विचारलं, "दिवा खराब झाला व्हता का?"

मी हो म्हणाले. दादा, त्या बाईच्या खाटेजवळ उभी राहून मी हो म्हणाले.

आता कंपनीचा अहवाल तयार आहे: सेन्सर चालू होता, कामगार महिलेचा निष्काळजीपणा. मंगळवारी सरकारी निरीक्षक येणार आहेत. काल ढमालेसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"मॅडम, ती त्रेचाळीस नंबरची ओळ काढा. यादी सुधारून द्या."

"का सर?"

"दिवा हाय तो नुसता. दिव्याला कुणी कंप्युटर म्हणतं व्हय?"

"आत सिस्टिम आहे सर. नोंदी आहेत. सप्टेंबरात तुम्हीच सही केलीत."

"तवा वाचलं न्हवतं." मग आवाज खाली आणला. "तुमच्या भावाचं नाव हाय त्यात. परवानगी नसताना कंपनीच्या मशीनला हात लावला, असं निघंल. त्याची आत्ताची नोकरी चांगली चाललीय म्हनं. बघा तुमी."

म्हणजे बघ, जे ठरवता ठरवता मी सप्टेंबरात वेडी झाले होते, तेच पुन्हा माझ्यापुढे आलं. हा डबा उपकरण आहे की नाही? नाही म्हटलं, तर कारखान्यात असं काही कधी नव्हतंच. मग नोंदी नाहीत, किल्ली कधी फिरली नाही, दिव्यावर कुणी विसंबत नव्हतं, आणि तानुबाईंनी आपली बोटं स्वतःच्या मूर्खपणाने घालवली. होय म्हटलं, तर तू अडकू शकतोस. मला राग कुणाचा जास्त येतो तेच कळेना. त्या फॉर्मचा, ढमालेसरांचा, की तुझा, एवढी चांगली वस्तू करून तिला परवानगीचा एक साधा कागद न जोडणाऱ्या माझ्या हुशार भावाचा. माझा तर येतोच.

काल मी त्यांना म्हणाले, उद्या देते. बसमध्ये पूर्ण वेळ मला तुला विचारायचं होतं. तू नाही म्हणाला असतास, तर मी ओळ काढली असती का? कदाचित काढली असती. म्हणूनच विचारलं नाही. यात तुझ्यावर अन्याय आहे, ते मला समजतं.

डबा माझ्याकडे आहे. रॅकवरून उचलून सर्व्हरच्या खोलीतल्या कपाटात ठेवलाय, किल्ली माझ्या पर्समध्ये. आतलं कार्ड मी उघडून पाहिलं, पण तुझा पासवर्ड मला माहीत नाही. वर्षभराच्या नोंदी त्यात आहेत आणि त्या वाचू शकणारा माणूस एकच आहे. मंगळवारी सकाळी अकराला ये. माझ्याशी बोलायला नको, माझ्याकडे बघितलंही नाहीस तरी चालेल. निरीक्षकांशी बोल, आणि जमलं तर नंतर दवाखान्यात जा. तिथे दिव्याबद्दल खरं काय ते मी उद्याच सांगून येणार आहे.

सुधारित यादी मी आज दुपारी ढमालेसरांच्या टेबलावर ठेवली. तिची एक प्रत निरीक्षकांच्या कार्यालयात मेलने गेली आहे. त्रेचाळिसावी ओळ आहे तशीच आहे. मी फक्त एक रकाना वाढवला, 'बंद करणारी व्यक्ती, तारीख आणि वेळ'. साठ ओळींत तो रिकामा आहे. एका ओळीत, तुझ्या नावाच्या शेजारी, माझं नाव आहे.

तुझी बहीण,
विजयश्री रणदिवे
२४ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं